स्वस्त पिस्तुलाची खरी किंमत

नवीन जालन्याच्या मोंढ्यात संध्याकाळी हिशेब मिटवण्याच्या वेळेस अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो. खिशाला परवडणारे, ऐनवेळी दगा न देणारे आणि सदऱ्याखाली झाकून नेता येईल असे लहान पिस्तूल कोणते? हा प्रश्न विचारणारी मंडळी दांडगाई करणारी नव्हेत. कोणी आडत्या आहे, कोणी सळईचा व्यापारी, कोणी बियाण्यांचा विक्रेता, तर कोणी एखाद्या पतसंस्थेचा व्यवस्थापक. डिसेंबर २०२३ मध्ये याच शहरात मंठा चौफुलीच्या परिसरात भररस्त्यात गोळ्या घालून एका तरुणाचा खून झाला. पुढच्या वर्षी ९ डिसेंबरला शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि साऱ्या मराठवाड्याच्या मनात भीतीने घर केले. भ्यालेल्या माणसाला अर्थशास्त्र शिकवू नये हे मला कळते. तथापि भीतीपोटी केलेली खरेदी ही देखील खरेदीच असते, आणि तिचा हिशेब मांडून पाहण्यास कोणाची हरकत नसावी.

प्रथम बाजारात माल कोणता आहे ते पाहू. आपल्या देशात सामान्य नागरिकाला लष्कर व पोलीस वापरतात त्या ९ मिलिमीटर मापाचे पिस्तूल घेता येत नाही. ते निषिद्ध मापात मोडते. उरते ते मुख्यतः .३२ आणि .२२ हे माप. इछापूरच्या रायफल कारखान्याचे ‘अशनी’ हे .३२ मापाचे पिस्तूल आणि कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्याचे त्याच मापाचे रिव्हॉल्व्हर हे या बाजारातले जुने मानकरी. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरने ‘निर्भीक’ हे अवघ्या पाचशे ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले. २०१२ च्या दिल्लीतील अत्याचाराच्या घटनेनंतर स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असे शस्त्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्या वेळी त्याची किंमत होती सुमारे १,२२,००० रुपये. रात्रीची पाळी संपवून एस.टी.ने घरी परतणाऱ्या परिचारिकेने हा आकडा वाचून काय म्हणावे? पुढे इछापूरने ‘निडर’ हे .२२ मापाचे, पाव किलो वजनाचे आणि बरेच स्वस्त रिव्हॉल्व्हर आणले. २०२० पासून उत्तर प्रदेशातील संडीला येथे वेब्ली अँड स्कॉट या जुन्या ब्रिटिश नावाचे रिव्हॉल्व्हर बनू लागले. आणि २०२३ मध्ये कानपूरहून ‘प्रबल’ आले. काडतुसांचे म्हणाल तर १८६९ पासून चालत आलेला खडकीचा दारूगोळा कारखाना आपल्याच राज्यात आहे.

भरवशाचा प्रश्न जाणकार असा सोडवतात. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस उडाले नाही तर पुन्हा चाप ओढावा, चक्र फिरून पुढचे काडतूस नळीसमोर येते. पिस्तुलात वरची सरक मागे ओढून निकामी काडतूस बाहेर टाकावे लागते. ही क्रिया सरावाच्या हाताला सोपी असली तरी घाबरलेल्या हाताला अवघड जाते. म्हणून ज्याला वर्षातून दोनदाही नेमबाजीचा सराव घडणार नाही त्याने चपटे, दिसायला देखणे पिस्तूल घेण्यापेक्षा जाडजूड रिव्हॉल्व्हर घ्यावे. अगदी हलके शस्त्र खिशात बरे, परंतु झाडताना ते हाताला अधिक हिसका देते. विकत घेणाऱ्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर एवढेच आहे, आणि ते देण्यास दोन मिनिटे पुरतात.

मात्र त्या उत्तरात किंमत येते तेथे माझ्या विषयाची हद्द सुरू होते. एवढेसे लोखंड एवढे महाग का? १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आयात करण्यास बंदी आहे. नामवंत नेमबाजांसारखे थोडे अपवाद सोडले तर बाहेरचा माल येतच नाही. देशात बनवणारे कारखाने दीर्घकाळ सरकारचेच होते आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्या कंपन्या झाल्या तरी मालकी सरकारचीच राहिली. परिणाम असा की बंदीपूर्वी आलेली जुनी वॉल्थर किंवा वेब्ली पिस्तुले हातोहात लाखोंच्या भावाने विकली जातात. ॲन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली एका गाजलेल्या निबंधात दाखवून दिले होते की, आयात परवान्यांच्या टंचाईतून जो आयता नफा निर्माण होतो त्यामागे धावण्यात समाजाची शक्ती वाया जाते; भारतापुरते १९६४ सालासाठी अशा सर्व प्रकारच्या आयत्या नफ्याचे प्रमाण त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के धरले होते. सिमेंटची आणि स्कूटरची ती टंचाई केव्हाच संपली. शस्त्रांच्या बाबतीत ती टिकून आहे. त्यावर सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर व पिस्तुलांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्या कराच्या यादीत शेजारी खासगी विमाने आणि सहलीच्या नौका आहेत. म्हणजे सरकारच्या लेखी पिस्तूल ही गरज नसून चैन होय. या एका वर्गीकरणाबाबत मला अर्थखात्याशी भांडावेसे वाटत नाही.

कोणी म्हणेल, हा तर स्वसंरक्षणाच्या हक्काचा प्रश्न आहे. तो इतिहासही विसरता कामा नये. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला. त्याने हिंदी माणसाला परवान्याच्या बेडीत अडकवले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. या अपमानाची चीड राष्ट्रीय चळवळीत इतकी खोल होती की, १९३१ च्या कराची काँग्रेसमधील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नोंदला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो घटनेत घालण्याची सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परक्या सत्तेने हा हक्क हिरावला होता तेव्हाची मागणी निराळी आणि स्वतःचे राज्य आल्यावरची परिस्थिती निराळी, शिवाय हा हक्क मूलभूत केला की चोर-दरोडेखोरही त्यावर दावा सांगतील, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अमेरिकेने नेमका उलटा मार्ग धरला. तेथे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा शंभरहून अधिक वर्षांचा जुना निर्बंध मोडून काढला आणि घराबाहेर पिस्तूल नेणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क ठरवला.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा लोक न वाचताच त्याला नावे ठेवतात. वस्तुतः त्यात मोठे शहाणपण आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची साधी बंदूक मागणाऱ्याला, त्याची गरज पटल्यास, परवाना द्यावा असे तेराव्या कलमात म्हटले आहे. रानडुकरांनी आणि रोह्यांनी पीक फस्त होणाऱ्या आपल्या भागात त्याचे मोल कोणालाही समजेल. उलट अंगावर लपवता येणारे पिस्तूल मागणाऱ्याला सबळ कारण दाखवावे लागते. जे शस्त्र उघड दिसते त्याला कायदा थोडा सैल आहे आणि जे लपते त्याला कडक. चौदाव्या कलमात आणखी एक वाक्य आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही: अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. कायद्याने गरिबाच्या जिवाची किंमत श्रीमंताच्या जिवाइतकीच धरली आहे.

व्यवहार मात्र कसा चालतो, ते बीडने दाखवले. सरपंचांच्या हत्येनंतर त्या जिल्ह्यातील परवान्यांची चर्चा सुरू झाली तेव्हा बाराशेहून अधिक परवाने असल्याचे पुढे आले, आणि गुन्हे दाखल असलेल्यांच्या हातीही परवाने असल्याचे आढळले. जिल्हाधिकारी कार्यालयाने मग त्यांतले अनेक रद्द केले. पोलिसांचा अहवाल, प्रशिक्षणाचा दाखला, धोक्याचे कारण, या साऱ्या चाळण्या २०१६ च्या नियमांत असताना हे परवाने खाली पडले कसे? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा पिस्तूल ही प्रतिष्ठेची वस्तू झाली आहे यात शोधावे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अशी शिक्षा कायद्यात लिहावी लागली यावरूनच शस्त्राचा खरा उपयोग काय चालला होता ते दिसते. प्रतिष्ठेच्या वस्तूंचा एक धर्म असतो. एकाने घेतली की शेजाऱ्याला आपण उणे वाटू लागतो, त्यानेही घेतली की पहिल्याचे वरचेपण संपते, आणि दोघांचे पैसे जाऊन दोघेही पूर्वीइतकेच सुरक्षित राहतात. किंबहुना पूर्वीपेक्षा कमी, कारण आता बांधावरच्या भांडणाचा शेवट शिवीगाळीवर होईलच याची खात्री उरत नाही.

आता ज्या गोष्टीकडे विकत घेणारा कधीच पाहत नाही तिच्याकडे वळतो. शस्त्राचा भरवसा तपासताना माणसाचा भरवसा कोण तपासणार? १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी सुटून त्यांच्याच पायात शिरली. घरात ते कपाटात ठेवताना हा अपघात झाला असे सांगण्यात आले. तेथे कोणी शत्रू नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील कोट्यवधी प्रौढांच्या नोंदींवरून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या आठपट होते, आणि स्त्रियांत तर ते पस्तीसपट होते. मराठवाड्याच्या माणसाला हे समजण्यास परदेशी अभ्यासाची गरज पडू नये. निराशेचा एक कडेलोटाचा क्षण येतो; त्या क्षणी घरातल्या कोनाड्यात कीटकनाशकाचा डबा आहे की नाही, यावर एखाद्या शेतकऱ्याचे प्राण अवलंबून असतात हे आपण गावोगाव पाहिले आहे. पिस्तूल हा त्याहून घातक डबा आहे, कारण त्यानंतर दवाखान्यात पोचण्याइतकाही अवधी मिळत नाही. ज्या घरात कर्जाची चिंता आहे, दारू आहे किंवा वयात आलेला, मनाने खचलेला मुलगा आहे, त्या घरच्या कर्त्या माणसाने परवान्याचा अर्ज भरण्यापूर्वी दहादा विचार करावा असे मी निक्षून सांगेन.

महाग परवान्याला कंटाळून काही जण उत्तरेकडे पाहतात. चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचे गाव आहे. तेथील गावठी कट्ट्यांचे नाव महाराष्ट्राच्या पोलीस तपासात वर्षानुवर्षे येत आले आहे. पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातची कला तिथे पोटासाठी या मार्गाला लागली. तिला कायदेशीर कारखान्यात जागा देण्याचा गांभीर्याने विचार झाला असता तर बरे झाले असते. परंतु स्वस्ताईच्या मोहाने कट्टा घेणाऱ्याने दोन गोष्टी जाणून असाव्यात. त्याची नळी कोणी तपासलेली नसते, त्यामुळे ती शत्रूवर उडेल की आपल्याच हातात फुटेल हे निर्मात्यालाही सांगता येत नाही. आणि विनापरवाना साधे पिस्तूल सापडले तरी २०१९ पासून किमान शिक्षा दोन वर्षांची आहे. दुकानदार तुरुंगात गेल्यावर दुकान कोण चालवणार?

राहता राहिला खरोखरीच्या धोक्यातला माणूस. माझ्या मते या शहरात तो मोंढ्यातला आडत्या नव्हे. तो पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे. दिवसभर दुकानोदुकानी पन्नास-शंभर रुपये गोळा करून तो अंधार पडल्यावर कुंडलिकेचा पूल ओलांडून जुन्या जालन्यातून घरी परततो, आणि त्याच्या दुचाकीच्या डिकीत दुसऱ्यांचे पैसे असतात. अडवणारा कधी येणार हे त्याला ठाऊक नसते, अडवणाऱ्याला मात्र याची वेळ, वाट आणि पिशवी तिन्ही ठाऊक असतात. अशा वेळी कमरेचे पिस्तूल बाहेर काढण्यास लागणारे तीन-चार क्षण त्याला मिळत नाहीत. मिळतो तो इतकाच धोका की, लुटारू रकमेबरोबर पिस्तूलही घेऊन जाईल. त्याच्या कमिशनातून निर्भीक येणार नाही, आणि आले तरी कामास येणार नाही.

या माणसासाठी स्वस्त व भरवशाची साधने आहेत, फक्त ती दिसायला रुबाबदार नाहीत. मोबाइलवरील चौकोनी खुणेने रक्कम थेट खात्यात घेतली तर डिकी रिकामी राहते. जी रोकड घ्यावीच लागते तिचा प्रवासातील विमा संस्थेने स्वतःच्या खर्चाने उतरवावा. संध्याकाळऐवजी दुपारी भरणा करण्याची सोय ठेवावी, आणि रक्कम गेली तर ती एजंटाच्या ठेवीतून कापून घेण्याची प्रथा बंद करावी. ही शेवटची प्रथाच त्याला पिशवीसाठी जीव धोक्यात घालायला लावते. वार्षिक सर्वसाधारण सभेत चहा-बिस्किटांच्या खर्चावर तासभर वाद घालणाऱ्या सभासदांनी यंदा आपल्या संस्थेच्या अध्यक्षांना, एजंटांच्या रोकडीचा विमा आहे काय आणि असल्यास किती रकमेचा, एवढा एक प्रश्न लेखी विचारावा.