सिकंदराबाद : पटकीची देवी आणि हिवतापाचा शोध

मराठवाड्यातील प्रवाशाला सिकंदराबाद हे नाव नवे नाही. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानाचा व नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. कचेरीचे काम असो, शिक्षण असो वा आजारपण, नांदेड-परभणीकडील माणसाला राजधानीच गाठावी लागे. सिकंदराबादेस रेल्वे आली ती १८७४ मध्ये, वाडीमार्गे. पुढे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा दुसरा मार्ग झाला. तथापि, या स्थानकात उतरणारा प्रवासी बहुधा तसाच चारमिनार किंवा गोवळकोंड्याकडे वळतो आणि ज्या गावी तो उतरला ते गाव पाहावयाचे राहून जाते. पटकीच्या साथीने ज्या गावाला एक देवी दिली आणि हिवतापाने ज्या गावाचे नाव जगाच्या वैद्यकीय इतिहासात नेले, त्या गावासाठी दोन दिवस राखून ठेवणे उचित ठरेल.

हे शहर मुळात छावणीचे. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहानंतर इंग्रजी पलटणी हुसेनसागराच्या उत्तरेस मोकळ्या माळावर तळ देऊन राहिल्या. १८०६ मध्ये या वस्तीस तिसरे निजाम सिकंदरजाह यांचे नाव मिळाले. सोळाव्या शतकात इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीत बांधलेला हुसेनसागर तलाव तेव्हापासून दोन शहरांमधील सीमा होऊन राहिला. आज त्याच्या बांधावरील रस्ता दोहोंना जोडतो. पलटणीमागोमाग बाजारबुणगे आले, डोलीवाहक आले, व्यापारी आले आणि दाटीच्या वस्तीत साथीचे रोगही आले.

उज्जैनी महांकाळीच्या मंदिराची कथा येथूनच सुरू होते. परंपरा अशी सांगते की, १८१३ च्या सुमारास या भागात पटकीने थैमान घातले. त्या वेळी येथील पलटण उज्जैन येथे तैनात होती. तिच्यातील सुरिटी अप्पय्या या डोलीवाहकाने तेथील महांकाळीला नवस केला, "आमच्या गावची साथ हटली तर तुझी स्थापना आमच्या गावी करीन." साथ ओसरली. १८१५ मध्ये परत आल्यावर त्याने सिकंदराबादेत देवीची लाकडी मूर्ती बसविली. १८६४ मध्ये तिच्या जागी पाषाणमूर्ती आली. मोठमोठ्या देवालयांच्या मागे राजे-सरदारांची नावे असतात. या देवालयामागे मात्र खांद्यावर डोली वाहणाऱ्या एका साध्या माणसाचे नाव आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आषाढात येथे बोनालूचा उत्सव भरतो. 'बोनम' म्हणजे भोजन, देवीचा नैवेद्य. मातीच्या किंवा पितळेच्या घटात दूध-गुळाचा भात घालतात. घटाला हळदकुंकू लावून कडुनिंबाचे डहाळे बांधतात, वर दिवा लावतात आणि स्त्रिया तो डोक्यावर घेऊन वाजतगाजत देवळात येतात. पुढे चालतो तो पोतराजू, देवीचा भाऊ. अंगाला हळद, कमरेला निंबाचा पाला, हातात आसूड! महाराष्ट्रातील वाचकाला या ठिकाणी मरीआईचा पोतराज आठवल्यावाचून राहणार नाही. नावही तेच, आसूडही तोच आणि पटकी-देवीच्या भयाशी असलेले नातेही तेच. आपल्याकडे आखाडात मरीआईला नैवेद्य दाखविण्याची चाल अनेक गावांत आहे. भाषा बदलली तरी साथीला तोंड देण्याची लोकांची रीत गोदावरीच्या खोऱ्यात आणि मुसीच्या काठी सारखीच राहिली, असे म्हणण्यास हरकत नाही.

उत्सवाचा आरंभ गोवळकोंड्यावर होतो. त्यानंतर सिकंदराबाद आणि मग जुन्या हैदराबादेतील लाल दरवाजा, असा क्रम असतो. सिकंदराबादेतील मुख्य रविवारच्या दुसऱ्या दिवशी 'रंगम' होते. देवीचा संचार झालेली स्त्री न भाजलेल्या मातीच्या घटावर उभी राहून पाऊस, पीकपाणी व रोगराई यांविषयी वर्षाचे भाकीत सांगते. त्या वेळी गर्दी अफाट असते. लहान मुले व वृद्ध सोबत असल्यास आदल्या आठवड्यात दर्शन घेणे सोयीचे. तेलंगण राज्याच्या स्थापनेनंतर २०१४ मध्ये बोनालूला राज्य उत्सवाचा दर्जा मिळाला.

देवळापासून काही किलोमीटरवर, बेगमपेठेच्या जुन्या विमानतळाजवळ, दुसरी महत्त्वाची वास्तू आहे. अल्मोडा येथे जन्मलेले रोनाल्ड रॉस हे लष्करी वैद्यकीय सेवेतील अधिकारी येथे हिवतापाचा अभ्यास करीत होते. हा ताप दूषित हवेने येतो, अशी समजूत तोवर दृढ होती. हुसेनखान नावाच्या रुग्णाने स्वतःला डास चावू दिले व प्रत्येक डासामागे एक आणा घेतला. रॉस त्या डासांचे विच्छेदन करीत. वाऱ्याने डास उडून जातील म्हणून ऐन उकाड्यात पंखा बंद असे आणि त्यांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजून गेले. २० ऑगस्ट १८९७ रोजी ॲनाफिलिस डासाच्या जठराच्या भित्तीत त्यांना हिवतापाच्या परोपजीवीच्या पेशी दिसल्या. पुढील वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी परोपजीवीचा डासातील प्रवास सिद्ध केला. मानवी हिवतापाबाबतचे पुढचे काम इटालियन शास्त्रज्ञांनी केले. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट हा आता जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

ही वास्तू उस्मानिया विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. तिची निगा नेहमीच म्हणावी तशी राखली गेली, असे नाही आणि सहलींच्या कार्यक्रमात तिचे नाव क्वचितच असते. शिक्षकांनी तरी ती वगळू नये. डबक्यातील पाणी व ताप यांचा संबंध पाठ्यपुस्तकातील चित्रापेक्षा त्या खोलीत उभे राहून मुलांना अधिक चांगला समजेल. भेटीपूर्वी विद्यापीठाकडे चौकशी केलेली बरी.

शहराचा घंटाघर-मनोराही १८९७ चाच. तो येताजाता दिसतो. बोलारम येथील राष्ट्रपती निलयम २०२३ पासून सर्वसामान्यांसाठी वर्षभर खुले झाले आहे. फक्त राष्ट्रपतींच्या मुक्कामाच्या काळात प्रवेश बंद असतो. ज्यांना निसर्ग पाहावयाचा आहे त्यांनी मौला अली टेकडीच्या पायऱ्या सकाळच्या उन्हात चढाव्यात. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा हा ग्रॅनाइट वाऱ्यापावसाने झिजून त्याच्या गोल शिळा एकीवर एक तोलून राहिल्या आहेत. माथ्यावरील दर्ग्यात हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांचे भाविक येतात. रजब महिन्यात उरूस भरतो आणि त्याची तारीख दरवर्षी मागे सरकते. पायथ्याशी उर्दू कवयित्री महलका बाई चंदा हिची कबर आहे. आईसाठी तिने बांधलेल्या त्या वास्तूतच १८२४ मध्ये तिलाही विसावा मिळाला.

आषाढ चुकल्यास भाद्रपद अमावास्येपासूनचे नऊ दिवस बतुकम्माचे असतात. तरवड व कुर्डूच्या फुलांचा मनोरा रचून स्त्रिया त्याभोवती फेर धरतात आणि अखेरीस तो तलावात सोडतात. देगलूर, बिलोली, धर्माबादकडील वाचकांना हा सण त्यांच्या शेजारच्या अंगणातही पाहावयास मिळेल.