मेंदूतलं कलम आणि गोल फिरणारा उंदीर

उंदराच्या मेंदूतलं डोपामाइन एकाच बाजूला संपवलं आणि मग त्याला ॲम्फेटामिन टोचलं, की तो गोल गोल फिरायला लागतो. शाबूत बाजूला डोपामाइन उसळतं, इजा झालेली बाजू गप्प राहते, आणि प्राणी इजेच्याच बाजूला वळत राहतो. स्वीडनच्या उर्बान उंगरस्टेट यांनी रूढ केलेल्या या चाचणीत फक्त फेऱ्या मोजायच्या. 1979 मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या दोन गटांनी अशा एकाच बाजूला इजा केलेल्या उंदरांच्या मेंदूत उंदराच्याच गर्भातली डोपामाइन बनवणारी ऊती बसवली. पुढे औषध देऊन पाहिलं, तर फेऱ्या घटल्या होत्या.

गर्भाचीच ऊती का? प्रौढ मेंदूतली चेतापेशी कापून दुसरीकडे लावली की मरते. गर्भातल्या पेशीला तंतू अजून फुटायचे असतात. म्हणून ती तगते, तीही थोड्याच प्रमाणात.

आता कलम कुठे लावायचं ते पाहू. माणसांत पार्किन्सनच्या आजारात मरतात त्या डोपामाइनच्या पेशी मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागात असतात. त्यांचे लांब तंतू पुढे स्ट्रायटम या भागापर्यंत जातात आणि डोपामाइन तिथे सोडतात. प्रौढ मेंदूत नव्या तंतूंना एवढं अंतर सहसा कापता येत नाही. मग शल्यविशारद सरळ स्ट्रायटममध्येच पेशी सोडतात. म्हणजे कलम मुळात चुकीच्या जागी असतं आणि नायग्राला मिळणारे नेहमीचे संदेश त्याला मिळत नाहीत. तरी हालचाल सुधारते, कारण ताठरपणा आणि मंदपणा जाण्यासाठी स्ट्रायटमला डोपामाइनचा संथ, अखंड पुरवठा बराचसा पुरतो. शेतातल्या ठिबक सिंचनासारखं हे काम. पण मुळं जिथवर पोचतात तिथवरच ओल, आणि तंतू पसरायला महिने, कधी दोन-तीन वर्षं लागतात. स्मृती किंवा तोल यांच्या तक्रारींत डोपामाइनखेरीज इतरही यंत्रणा गुंतलेल्या असतात. तिथे या कलमाकडून फारशी आशा नको.

स्वीडनमधल्या लुंड इथे 1987 पासून माणसांवर ही शस्त्रक्रिया सुरू झाली. काही रुग्ण पुढे कित्येक वर्षं लेव्होडोपा या पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाशिवाय राहिले. मात्र 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीने उत्साहाला लगाम घातला. त्यात 40 रुग्ण होते. निम्म्यांना पेशी मिळाल्या, निम्म्यांवर लुटुपुटीची शस्त्रक्रिया झाली: कवटीला भोकं पाडली, आत काहीच सोडलं नाही. हे क्रूर वाटतं खरं, पण पार्किन्सनमध्ये नुसत्या आशेनेही रुग्णाची हालचाल सुधारते, त्यामुळे तुलना हवीच. वर्षभरानंतर रुग्णांनी स्वतःच्या प्रकृतीला दिलेल्या गुणांत दोन्ही गट सारखेच निघाले. हालचालींच्या मोजमापात साठीपर्यंतच्या रुग्णांना फायदा दिसला. पण पुढे कलम मिळालेल्यांपैकी 15 टक्के जणांत अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या, त्याही औषध कमी केल्यावर किंवा बंद केल्यावर. कुठे ओघ जास्त, कुठे कोरडं, हे एक संभाव्य कारण. दुसरं म्हणजे कापलेल्या ऊतीत मिसळून आलेल्या सेरोटोनिनच्या पेशी. त्या डोपामाइन सोडू शकतात, पण त्याला आवर घालण्याची सोय त्यांच्याकडे नसते. 2008 मध्ये आणखी एक धक्का बसला. दशकाहून जुन्या कलमांतल्या काही पेशींत पार्किन्सनची ओळख असलेले ल्युई पिंड सापडले, म्हणजे आजार नव्या पेशींपर्यंतही पोचला होता.

हंटिंग्टनच्या आजारात गणित वेगळं आहे. तिथे खुद्द स्ट्रायटमच्या पेशी मरतात, आणि त्यांचं काम येणारे संदेश जुळवून पुढे धाडण्याचं. इथे नुसतं रसायन पाझरून भागत नाही, जोडण्या लागतात. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला केंब्रिजमधला उंदरांवरचा प्रयोग मला सगळ्यांत बोलका वाटतो. इजेपूर्वी शिकवलेलं काम कलम रुजल्यावरही उंदरांना सुरुवातीला जमेना. पुन्हा सराव दिला, तेव्हा जमू लागलं. नव्या ऊतीला जुनी सवय ठाऊक नव्हती, ती तिला शिकावी लागली. तेव्हा अशा कलमानंतरचा व्यायाम आणि सराव हा उपचाराचाच भाग धरायला हवा.

गर्भाच्या ऊतीची टंचाई आणि तिच्याभोवतीचे नैतिक वाद यांमुळे आता मूलपेशींपासून डोपामाइनच्या पेशी घडवतात. क्योटोच्या गटाने 7 रुग्णांना अशा पेशी दिल्या, त्याचा अहवाल 2025 मध्ये आला. परिणामासाठी तपासलेल्या 6 पैकी 4 जणांची औषधाविना हालचाल दोन वर्षांनी सुधारलेली होती. या चाचणीत लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेचा गट नव्हता, तेव्हा तो 4 चा आकडा जपूनच वाचावा.