नवापूरच्या पलीकडचा परदेश

"आई, परदेशात दोन लहान मुलांचं एकटीनं करणं काय असतं, ते तुला नाही कळायचं." गेल्या महिन्यात लेक फोनवर म्हणाली. तिच्याकडे कॅनडात, ब्रॅम्प्टनला रात्रीचे नऊ वाजले होते, माझ्याकडे सुरतेत सकाळचे साडेसहा. धाकटा तापानं फणफणलेला, थोरली झोपायचं नाव घेत नव्हती, जावई रात्रपाळीला गेलेले. दमलेल्या लेकीचं बोलणं आई मनावर घेत नाही. मीही घेतलं नाही. पण फोन ठेवल्यावर चहा उकळून आटला तरी मी ओट्याशी तशीच उभी होते. मला नाही कळायचं? अगं, तुला मी वाढवलं ते कुठे?

मी अमळनेरची. १९९२ साली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि लग्न होऊन सुरतेला आले. सुरत–भुसावळ पॅसेंजरनं. नंदुरबार गेलं की चिंचपाडा आणि मग नवापूर. या नवापूर स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते. एकाच बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. लोक त्या बाकाबरोबर हौसेनं फोटो काढतात. मी त्या बाकाकडे कधी हौसेनं बघू शकले नाही. तिथून पुढे पाट्यांवरच्या अक्षरांची शिरोरेघ जाते आणि आपण कोणाचे तरी पाहुणे होतो.

पहिल्या दोन-तीन वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लिंबायतमध्ये दहा बाय बाराची भाड्याची खोली, त्याच डिसेंबरात दंगल, मग १९९४ च्या सप्टेंबरात प्लेग. काही लाख माणसं शहर सोडून पळाली, त्यात मीही होते, पोटात लेक घेऊन, उधन्याहून गाडीच्या दारात उभी राहून. पुढच्या जानेवारीत ती अमळनेरला जन्मली. आम्ही परत आलो तेव्हा एस. आर. राव नावाचे आयुक्त शहर घासूनपुसून काढत होते. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीनं पहिलं आलं, त्याची सुरुवात मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मला बोलायचंय ते १९९६ ते २००६ या दहा वर्षांबद्दल. लेक दीड वर्षाची होती तिथपासून ते तापीच्या पुरापर्यंत. मधे १९९८ ला मुलगा झाला. ती दहा वर्षं माझ्या अंगावर अजून आहेत.

हे पांडेसऱ्यात रंगाच्या मिलमध्ये जेट मशीनवर होते. बारा तासांची पाळी. पंधरा दिवस दिवसाची, पंधरा दिवस रात्रीची. रात्रपाळी असली की सकाळी साडेसातला घरी येत, नखांच्या कडा कधी निळ्या, कधी राणी रंगाच्या, आणि दोन घास खाऊन त्याच एका खोलीत झोपत. दोन लहान मुलं आणि एक झोपलेला बाप, आणि मधे भिंत नाही. पंधरा दिवस मुलांनी कुजबुजत खेळायचं. माझी लेक बोलायला लागली तीच हळू आवाजात. लोकांना ती शांत वाटायची. ती शांत नव्हती, तिला तसं केलेलं होतं.

पहाटे नळ. मग डबा. मग एकाला काखेत आणि एकीला बोटाला धरून शाळा. तिथून आल्यावर साड्या. बाजारातून माणूस पोटलं टाकून जायचा आणि गल्लीतल्या आम्ही खानदेशी बायका दारात बसून कोणी लेस लावायचो, कोणी टिक्या नि स्टोन चिकटवायचो. नगावर पैसे. काठापासून किती बोटांवर स्टोन लावायचा हे ठरलेलं असे; एक वाकडा लागला तरी साडी परत. मी डी.एड. केलेली, पण महाराष्ट्राची पदविका घेऊन गुजरातेत कुणाच्या दारात उभी राहू? म्हणून स्टोन. कणकेत स्टोन निघायचा, मुलाच्या केसांत निघायचा. एकदा लेकीच्या वहीवर बाईंनी लाल शाईनं शेरा लिहिला, "वहीला टिकल्या लावू नयेत." तिनं लावली नव्हती. माझ्या बोटाला चिकटून आलेली होती. ती वही मी ठेवली आहे. स्टोन अजून चमकतो.

शाळा मराठीच. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. देशात असं किती शहरांत असेल मला ठाऊक नाही, पण या शहराचं हे मोठेपण मी कुठेही मान्य करीन. पुस्तकं गांधीनगरहून छापून यायची, मराठीत. गल्लीत मात्र गुजराती. लेक सकाळी शिरोरेघ काढायची आणि संध्याकाळी शेजारच्या बेनच्या मुलीबरोबर शिरोरेघेवाचून लिहायची. गुजरातीतला पाचाचा आकडा आणि 'प' सारखेच दिसतात, त्यावरून ती कितीदा तरी अडली. शेजारच्या बेन मला दुपारी विचारायच्या, "नवरा छो?" म्हणजे मोकळ्या आहात का. मी पहिल्यांदा गोरीमोरी होऊन सांगितलं, "हो, झोपलेत." त्या बेननी मला हे शहर शिकवलं. हिवाळ्यात पोंक आणला की अर्धा माझ्याकडे यायचा, आणि तो आमचा हुरडाच आहे हे तोंडात टाकल्यावर कळलं तेव्हा मी ढसाढसा रडले होते. त्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या, काही न विचारता.

आणि 'ळ'. अहिराणीत ळ नाही. आमच्याकडे डोळ्याला डोया म्हणतात, केळ्याला केय. माझी आई सुट्टीत सुरतेला यायची आणि नातीशी अहिराणीत बोलायची: "काय करी ऱ्हायनी वो?" लेक आठ दिवसांत डोया, काया, पिवया करायला लागायची. मी रागवायचे. एकदा तर हातावर फटका दिला. शाळेत हसतील, मंडळात हसतील. ही भीती काल्पनिक नव्हती. शहरातल्या जुन्या, शिकल्यासवरल्या मराठी कुटुंबांच्या गणपतीत आम्हाला सतरंजीच्या कडेला जागा असायची, आणि लेक स्टेजवर एक शब्द घसरली तेव्हा पुढच्या रांगेतून "खानदेशी दिसते" असं मोठ्यानं ऐकू आलं होतं. ती बाई आज हयात नाही, तरी मी तिला माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही, कारण तिच्या तोंडचं वाक्य मी घरी आणलं आणि माझ्या आईसमोर माझ्या मुलीवर वापरलं. आईनं त्यानंतर नातीशी मोजकं बोलायला सुरुवात केली. प्रमाण मराठीत, अडखळत, पाहुण्यासारखं.

वर्षातून एक रात्र मात्र अहिराणीची असायची. आमच्या कानबाई देवीची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, घरोघरी रोट होतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी डोक्यावर घेऊन नाचत तिला नदीवर नेतात. आमच्या खोलीत चौरंग मांडला की माणसांना जागा उरायची नाही. पोटली बाहेर ओसरीत जायची, मुलं त्या पोटल्यांवरच झोपायची, आणि दिवसभर हळू बोलणाऱ्या आम्ही बायका पहाटेपर्यंत घसा फोडून गायचो. त्या रात्री कोणी कोणाला शुद्ध बोल म्हणालं नाही.

एकदा लेक शाळेतून आली ती दप्तर न काढता दारातच उभी राहिली. गल्लीतल्या कोणी म्हटलं होतं, तुमच्या शिवाजीनं आमचं सुरत लुटलं. ती आठ वर्षांची. मी तिला रविवारी चौकात नेलं, तापीकाठी किल्ल्यासमोर. सांगितलं की १६६४ च्या जानेवारीत हे मोगलांचं बंदर होतं, सगळ्या हिंदुस्थानची पेठ होतं, महाराजांचा मुलूख मोगली फौजांनी जाळला होता त्याची भरपाई त्यांनी मोगलांच्या तिजोरीतून काढली. मोगली अंमलदार इनायत खान या किल्ल्यात दडून बसला आणि लोकांना त्यानं वाऱ्यावर सोडलं. हेही सांगितलं की वीरजी व्होरासारख्या व्यापाऱ्यांची घरं त्यात गेली, आणि ज्याचं घर जातं त्याची आठवण वेगळी असते. तिनं विचारलं, "मग आपण इथे का राहतो?" मी म्हटलं, पप्पांची मिल इथे आहे. दुसरं उत्तर तेव्हाही नव्हतं.

त्या दहा वर्षांतच मी लिहायला लागले. रात्री मुलं झोपल्यावर, साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून. एका मासिकानं परदेशस्थ मराठी माणसांवर दिवाळी अंक काढायचं ठरवलं तेव्हा मी गल्लीतल्या बायकांवर लेख पाठवला. तो परत आला. सोबत दोन ओळी होत्या: लेख चांगला आहे, पण सुरत परदेशात येत नाही. न्यू जर्सीतल्या बाईनं मुलाला शनिवारी मराठी शाळेत नेलं की ते संस्कृतिरक्षण. तिथल्या बायांचे कष्ट खोटे आहेत असं मी म्हणत नाही. आज माझीच लेक त्यांच्यातली एक आहे. पण लिंबायतच्या बाईनं बारा तास साड्यांवर वाकून मुलाला रोजच्या रोज मराठी शाळेत घातलं, तर ते काय? तिला ना डॉलर, ना कौतुक, ना परत जायला गावी शेत. तिच्यावर कोणी प्रवासवर्णन लिहीत नाही, कारण तिचा परदेश साध्या पॅसेंजरनं गाठता येतो.

मग २००६. ६ ऑगस्टला कानबाई बसली. सोमवारी, ७ तारखेला, उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापी शहरात शिरली. अडाजण, रांदेर, कतारगाम, अठवा, सगळं बुडालं. बहुतेक शहर तीन-चार दिवस पाण्यात होतं. आमच्या गल्लीत पाणी गुडघ्याएवढंच होतं. वरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तेच पाणी खानदेशातून उकाईला येतं आणि उकाईतून सुरतेला. म्हणजे आलं ते माझ्या माहेरचंच पाणी, मी आले त्याच वाटेनं. कानबाईला नदीवर न्यायचं कसं? नदीच दाराशी आली होती. शेवटी सगळ्या बायकांनी मिळून ओसरीतल्या बादलीत विसर्जन केलं. लेक अकरा वर्षांची होती. तिनं विचारलं, बादलीतून ती घरी कशी जाईल? माझ्या आईनं तिला उत्तर दिलं, त्या दिवशी अहिराणीत. मी मधे बोलले नाही. पुढचे चार दिवस गल्लीत मोठ्या कढईत पुऱ्या तळल्या आणि ट्रॅक्टरवरून अडाजणला पाठवल्या. माझी आई त्याच दिवाळीत गेली.

त्यानंतरची वर्षं भरभर गेली. मिल बदलली, दिंडोलीत दोन खोल्यांचं घर झालं, मी मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागले, उधना–जळगाव रूळ दुहेरी झाले, टाळेबंदीत पुन्हा एकदा गावाकडे पळणारी माणसं पाहिली. मुलं शिकली. नवसारीच्या मतदारसंघातून जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील खासदार होऊन केंद्रात मंत्री झाले, आणि लिंबायतला संगीता पाटील आमदार आहेत. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, खानदेशी माणसाला सुरतेत काय कमी?

पण २०२२ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातले बंडखोर आमदार रातोरात सुरतेच्या हॉटेलात आले आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हापासून सुरत हे महाराष्ट्रात शिवीसारखं वापरलं जातं. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन भरलं. माझ्या माहेरी! मी नवी साडी नेसून गेले. पुस्तकांच्या गाळ्यावर एका गृहस्थांनी कुठून आलात विचारलं, मी सांगितलं, आणि ते हसून म्हणाले, "सुरतेहून? मग आता गुवाहाटी का?" आसपासचे सगळे हसले. साने गुरुजींनी जिथे मुलांना शिकवलं त्या गावात, माझ्या जन्मगावात, मी परकी ठरले. तीस वर्षं ज्यांच्यासाठी मराठी धरून ठेवली त्यांनी मला हद्दीपार उभं केलं.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आमच्याकडेही पेढे वाटले गेले. मी पेढा हातात धरून मुलं ज्या शाळेत गेली तिचा विचार करत होते. त्या जूनमध्ये तिथे पहिलीच्या वर्गात बाकं रिकामी होती. गुजरातनं २०२३ मध्ये गुजराती शिकवणं सक्तीचं करणारा कायदा केला, त्याकडे बोट दाखवणारे आहेत. मी दाखवणार नाही. ज्या मातीत राहतो तिथली भाषा लेकरांना आलीच पाहिजे, माझ्या लेकरांना ती येते आणि त्यांचं त्यानं भलंच झालं. बाकं आमच्याच लोकांनी रिकामी केली, इंग्रजी शाळेच्या बसमध्ये मुलं बसवून. मी दारोदार गेले. एक तरुण आई मला म्हणाली, "काकू, तुमच्या मुलीला मराठीचा काय उपयोग झाला? ती तर कॅनडात." मला उत्तर सुचलं नाही.

आता रोज साडेसहाला मी चहा करून फोनसमोर बसते. तिकडे रात्र असते. लेक भांडी आवरते, धाकट्याला थोपटते आणि मी थोरलीला गोष्ट सांगते. बाजूच्या घरात आणंदचं कुटुंब आहे, त्यामुळे पोरीला गुजराती शब्द मराठीपेक्षा जास्त येतात. काल तिला अवयव शिकवत होते. नाक, कान. डोळा आला आणि ती अडली. डोला म्हणाली. लेक मागून ओरडली, "डोला नाही, डोळा! जीभ मागे ने." तोच माझा जुना सूर. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मी म्हटलं, थांब, तिला राहू दे. मग पोरीला म्हटलं, "डोया म्हण."

"डोया," ती म्हणाली. पहिल्याच झटक्यात, स्वच्छ.

लेकीच्या हातातलं भांडं थांबलं. ती स्क्रीनजवळ आली, माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, आजीसारखं म्हणाली ना?"