कानातल्याची दांडी निघू नये म्हणून

गेल्या दिवाळीत आमच्या गटाने खणाच्या कापडाची कानातली केली होती. साठ जोड विकले, त्यातले सतरा परत आले. कापड छान, रंग छान, पण मागची धातूची दांडी निघून हातात आली. पैसे परत द्यावे लागलेच, शिवाय गिऱ्हाइकापुढे मान खाली गेली ती वेगळीच. म्हणून आज धातूला दुसरी वस्तू कशी चिकटवायची, ते बोलूया.

परत आलेली दांडी आम्ही नीट पाहिली. तिची चकती अगदी कोरी होती. म्हणजे गोंदाने पुठ्ठा धरला, पण धातू धरलाच नाही. चकतीला पुठ्ठा चिकटून आला असता, तर गोंद चांगला आणि पुठ्ठा कच्चा असे समजलो असतो. तुमचीही वस्तू सुटली तर आधी हे बघा.

लाकूड, कापड, कागद गोंद शोषून घेतात. धातू शोषत नाही, वर तेलाचा पातळ थर असतो. आम्ही वापरला होता लाकडाचा पांढरा गोंद. त्यातले पाणी उडाले की तो घट्ट होतो. धातूवर त्याची पकड कमी, आणि घामाने, पाण्याने तो पुन्हा मऊ पडतो.

छोट्या ट्यूबमधला झटपट गोंद धातूला चटकन धरतो, पण कडक आणि ठिसूळ असतो. दांडीला रोज पीळ बसतो, तिथे तो तडकू शकतो. सुती कापडावर तो सांडला तर कापड तापून चटका बसतो, म्हणून सुती हातमोजे घालू नका. बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरा. चामडे, रेक्झिन यांसाठी रबरी गोंद बरा. तो दोन्ही बाजूंना लावून जरा सुकू द्यायचा आणि मग दाबायचे.

दांडीसाठी आता आम्ही दोन ट्यूबांचा इपॉक्सी वापरतो. पद्धत अशी:

1. चकती साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.
2. काचपेपरने आडवी-उभी घासून खरखरीत करा.
3. स्पिरिटने पुसा. चूल, दिवा दूर ठेवा. नंतर चकतीला बोट लावू नका.
4. दोन्ही ट्यूबांतले पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात घ्या, बहुतेकदा समसमान. जुन्या फरशीच्या तुकड्यावर नीट कालवा. प्रमाण चुकले तर मिश्रण चिकटच राहते.
5. पातळ थर लावून कपडे वाळत घालायच्या चिमट्याने धरून ठेवा.
6. चोवीस तास हलवू नका. थंडीत जास्त वेळ द्या.

काम खिडकीजवळ करा, मिश्रण अंगाला लागू देऊ नका, मुलांना दूर ठेवा. आणि कढईची, तव्याची मूठ गोंदाने जोडू नका. आचेने गोंद मऊ पडतो आणि गरम तेल अंगावर येते. तिथे रिबिटच हवी.

मोठी ऑर्डर घेण्याआधी दोन जोड करून बघा. एक ओढून, पिळून पाहा. दुसरा आपल्यातल्याच एकीने आठवडाभर कानात घालावा. आम्ही आता तसेच करतो आणि मगच पेटी भरतो.