हिरवा दिवा लागलाय, तरी नेट का अडकतं? फायबरच्या डब्यातला सिग्नल समजून घेऊया



मागच्या वर्षी आमच्या शाळेने लोकवर्गणीतून नवीन वायफाय राउटर घेतला. कारण काय, तर ऑनलाइन प्रशिक्षण सुरू असलं की दर पाच मिनिटांनी चित्र गोठायचं, आवाज तुटायचा, मुलांना दाखवायला लावलेला व्हिडिओ गोल गोल फिरत बसायचा. नवीन राउटर आला, पैसे गेले आणि चित्र गोठायचं ते गोठतच राहिलं. दोष राउटरचा नव्हताच. दोष होता कपाटामागे दुमडलेल्या पिवळ्या वायरीत आणि तिच्या टोकावर बसलेल्या धुळीत. हे कळलं ते एका आकड्यावरून. तो आकडा पहिल्या दिवसापासून डब्यात होता, आम्हाला वाचता येत नव्हता एवढंच.

आधी हा डबा काय करतो ते पाहू. फायबरची वायर ज्या डब्यात शिरते त्याला आपण सगळेच मोडेम म्हणतो. त्याच्या आत एक छोटा भाग असतो, ट्रान्सीव्हर. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही एकातच, म्हणून हे नाव. पाठवताना तो विजेचे संकेत लेसरच्या प्रकाशात बदलतो, आणि आलेला प्रकाश फोटोडायोडवर पडला की त्याचे परत विजेचे संकेत करतो. गंमत म्हणजे जाणं-येणं एकाच काचेच्या तंतूतून चालतं. घरोघरी येणाऱ्या जीपॉन पद्धतीत आपल्याकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि आपल्याकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो. दोन्ही अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे. म्हणूनच सुटलेल्या वायरीच्या टोकात कधीही डोळा लावून बघायचं नाही, मुलांना तर आधी हेच सांगायचं. काही दिसत नाही म्हणजे काही येत नाही, असं नसतं.

आता रिसीव्हरचं काम. जास्त उजेड आला की १, कमी उजेड आला की ०. बस्स, एवढंच. पण हा निर्णय त्याला सेकंदाला जवळजवळ अडीचशे कोटी वेळा घ्यायचा असतो, आणि त्याच्या स्वतःच्या सर्किटमध्येही थोडा गोंगाट असतोच. वर्गात मुलं कुजबुजत असताना शेवटच्या बाकावरच्या मुलाला बाईंचा आवाज ऐकू येतो, पण 'सात' की 'साठ' यात त्याची गल्लत होते ना, अगदी तसं. सिग्नलची गुणवत्ता म्हणजे १ आणि ० यांच्यात किती स्पष्ट फरक उरला आहे, हे. चांगल्या ईथरनेट ट्रान्सीव्हरकडून साधारण एक लाख कोटी बिट्समध्ये एखादीच चूक अपेक्षित असते.

हे वर्गात करून बघण्यासारखं आहे. खोली अंधारी करा. एका टोकाला टॉर्च घेऊन एक मुलगी उभी करा, चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. दुसऱ्या टोकाची मुलं वहीत लिहितील. पहिल्यांदा हळू, मग भराभर. मग टॉर्चवर दुधाच्या पिशवीचा एकेक थर चढवत जा आणि प्रत्येक वेळी वीस अंकांत किती चुका झाल्या ते मोजा. आमच्या मुलांच्या सुरुवातीला चुका अजिबात वाढल्या नाहीत, आणि मग एका थरानंतर एकदम गोंधळ उडाला. फायबरमध्येही असंच होतं. प्रकाश कमी होत जातो तेव्हा बराच काळ काहीच जाणवत नाही, कारण बारीकसारीक चुका डबा स्वतः दुरुस्त करतो. मर्यादा ओलांडली की चुकलेला माल टाकून द्यावा लागतो, तो परत मागवावा लागतो आणि आपल्याला नेट 'हळू' वाटतं. या काळात पॉनचा दिवा हिरवाच राहू शकतो! एलओएसचा लाल दिवा लागतो तो प्रकाश जवळपास हरवल्यावर.

आता तो आकडा. डब्याखालच्या स्टिकरवर एक पत्ता असतो, तो ब्राउझरमध्ये टाकून आत गेलं की ऑप्टिकल किंवा पॉन नावाच्या पानावर 'आरएक्स पॉवर' दिसतं. काही कंपन्या हे पान बंद ठेवतात, तेव्हा जोडणीवाल्या दादांना विचारायचं. हा आकडा डीबीएममध्ये असतो. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलीवॅट. उणे १० म्हणजे त्याचा दहावा भाग, उणे २० म्हणजे शंभरावा, उणे ३० म्हणजे हजारावा. आणि लक्षात ठेवायची सोपी गोष्ट: ३ डीबी कमी झाले की प्रकाश निम्मा.

या एका नियमावर सातवीचं अख्खं गणित उभं राहतं. गावात आलेला एक तंतू स्प्लिटरमधून ३२ घरांना वाटला जातो असं समजा. ३२ म्हणजे पाच वेळा दुप्पट, म्हणजे प्रकाश पाच वेळा निम्मा, म्हणजे १५ डीबी गेले. प्रत्यक्षात थोडे जास्त, १७ धरू. तिकडच्या यंत्रातून अधिक ३ डीबीएम निघाला, स्प्लिटरने १७ खाल्ले, पाचेक किलोमीटर वायरीने दीड, जोड आणि कनेक्टर यांनी मिळून दोनेक. उरले उणे साडेसतरा. नेहमीच्या जीपॉन डब्याला उणे ८ ते उणे २७ यांच्यामधला प्रकाश चालतो, म्हणजे तब्येत उत्तम. यात काचेने किती कमी खाल्लं बघा. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी लिहिलं की किलोमीटरला २० डीबीपेक्षा कमी प्रकाश गमावणारी काच बनवता आली तर तिच्यातून संदेश पाठवता येतील. त्या काळच्या काचा याहून कितीतरी जास्त प्रकाश गिळायच्या. २० डीबी म्हणजे किलोमीटरभरात शंभरातला एकच भाग उरणं. आजच्या काचेत १५५० नॅनोमीटरचा प्रकाश किलोमीटरला सुमारे ०.२ डीबीच गमावतो, म्हणजे शंभरातले पंच्याण्णव भाग पुढे जातात. काओ यांना २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते उगाच नाही.

आमच्या शाळेत आकडा निघाला उणे २७.४. जोडणी झाली तेव्हा कुणीतरी डब्याच्या पाठीवर मार्करने '१८.२' लिहून ठेवलं होतं, आम्ही तो डब्याचा नंबर समजत होतो! फरक साधारण ९ डीबी. तीन वेळा निम्मं: अर्धा, पाव, आणि मग एक अष्टमांश. आठ भागांतला एकच भाग प्रकाश पोचत होता. दादांनी कपाट पुढे ओढलं. रंगरंगोटीच्या वेळी कपाट भिंतीला खेटून सरकवलं होतं आणि वायर पार दुमडली होती. फायबरमध्ये प्रकाश आतल्या आत परावर्तित होत जातो. वळण फार तीव्र झालं की तो कोन बिघडतो आणि प्रकाश बाहेर निसटतो. साध्या फायबरला साधारण ३ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नये. वायर मोकळी केली तर आकडा उणे २३.१ झाला.

उरलेलं धुळीचं. रंगकामाला डबा काढला तेव्हा कनेक्टरची टोपी हरवली आणि ते टोक फळ्याखाली तसंच लोंबकळत राहिलं. ज्या भागातून प्रकाश जातो तो फक्त ९ मायक्रॉन रुंद असतो, आपल्या केसापेक्षाही कितीतरी बारीक. खडूचा एक कण त्यासमोर म्हणजे खिडकीवर डोंगर. वर मीच ते टोक तोंडाने फुंकून, बोटाने पुसून परत बसवलं होतं, हे आता कबूल करते. फुंकरीतला ओलावा आणि बोटाचं तेल यांनी आणखी वाट लागते. ते साफ करायला पेनासारखं कोरडं साधन मिळतं. दादांनी दोनदा टकटक केलं, आणि आकडा आला उणे १८.६.

जाता जाता कनेक्टरच्या रंगाबद्दल. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, म्हणजे परत फिरलेला प्रकाश लेसरकडे जाऊन त्याला त्रास देत नाही. निळ्याचं टोक सरळ असतं. हिरवा निळ्यात घुसतो खरा, पण टोकं नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. तात्पुरतं म्हणूनही कुणाला तसं जोडू देऊ नका.

आता दर सोमवारी सातवीची मुलं आकडा वाचून तक्त्यावर बिंदू मांडतात. ऋण संख्यांची तुलना शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला मिळालं नाही, कारण उणे २७ हा उणे १८ पेक्षा लहान का, हे त्यांना आता पाठ करावं लागत नाही. एक-दोन डीबी इकडेतिकडे चालतं. तीन घसरले की मी फोन करते आणि 'नेट चालत नाही' असं न म्हणता आधी किती होतं आणि आज किती आहे ते सांगते. समोरच्याचा सूरच बदलतो.

परवा एका मुलाने विचारलं, "बाई, उणे अठरापेक्षा उणे दहा चांगला, मग उणे पाच अजून चांगला ना?" नाही. उणे ८ च्या वर गेलं की रिसीव्हर दिपून जातो, डोळ्यासमोर टॉर्च धरल्यावर जसं काहीच दिसत नाही तसा. १ आणि ० दोन्ही त्याला लख्खच वाटतात. लांब पल्ल्याचा ट्रान्सीव्हर दोन मीटरच्या वायरीने समोरासमोर जोडला तर तो कायमचा बिघडूही शकतो. तिथे तंत्रज्ञ मुद्दाम मध्ये प्रकाश कमी करणारा छोटा तुकडा बसवतात, त्याला अटेन्युएटर म्हणतात. मुलांनी त्याचं नाव ठेवलंय गॉगल.