शेकडा दोन, पण कशावर?



सातवीच्या गणितात सरळव्याज आहे, आठवीत चक्रवाढ. म्हणजे नववी-दहावीच्या मुलींचं हे शिकून झालेलं असतं, सूत्रही पाठ असतं. पण "आईचं गटाचं कर्ज कितीला पडलं?" असं विचारलं की सगळ्या गप्प. पुस्तकातलं मुद्दल शेवटपर्यंत तेवढंच राहतं, आपण मात्र ते दर महिन्याला थोडं थोडं फेडतो. गोची तिथेच आहे.

म्हणून किशोरींच्या बैठकीत फळ्यावर एकच उदाहरण घ्यायचं. कर्ज १०,००० रुपये, हप्ते १०, व्याज महिना शेकडा दोन. गटात व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं. पहिल्या महिन्यात २००, हजार फिटले की १८०, मग १६०, असं करत शेवटी २०. बेरीज १,१००. आता तेच शेकडा दोन शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लावा, ज्याला 'फ्लॅट' म्हणतात. दर महिन्याला २००, म्हणजे एकूण २,०००. दर तोच, फरक ९०० रुपयांचा! उत्तर आधी सांगू नका, मुलींनाच मांडू द्या. दहाव्या महिन्यात बाकी फक्त हजार, तरी व्याज दोनशे, हे त्यांचं त्यांनाच खटकतं. शिवाय गटाचे १,१०० गटातच राहतात, बाहेरचे २,००० गावाबाहेर जातात.

बचतीसाठी ७२ चा हिशोब सोपा. ७२ ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती काळ लागेल ते कळतं. वर्षाला ६ टक्के असतील तर १२ वर्षं. हाच हिशोब कर्जालाही लागतो, ते मुली विसरतात. सावकाराचे महिना शेकडा तीन, व्याज थकलं आणि मुद्दलात चढत गेलं, तर २४ महिन्यांत कर्ज दुप्पट.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सचं कर्ज देणाऱ्याने आपल्याला समजेल अशा भाषेत कर्ज कार्ड द्यायचं असतं. सगळे खर्च धरून वर्षाचा व्याजदर किती, हेही लेखी सांगायचं असतं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड घेता येत नाही. बहुतेक घरांत हे कार्ड डब्यात घडी घालून पडलेलं असतं.

पुढच्या मासिक बैठकीला ते कार्ड आणि गटाचं पासबुक घेऊन या, मुलीलाही सोबत आणा. वाचायचं काम तिचं.