डोमेन-नावांचा सौदा : मक्तेदारी, किंमत आणि हेतू

जमीन, सोने किंवा कर्जरोखे यांच्याप्रमाणे इंटरनेटवरील नावांतही भांडवल गुंतविले जाते, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकास सकृद्दर्शनी चमत्कारिक वाटेल. डोमेन-नाव म्हणजे संगणकाच्या अंकमय पत्त्याऐवजी योजलेले, माणसाच्या स्मरणात राहील असे अक्षरमय नाव होय. या नामव्यवस्थेची आखणी पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये केली. 'डॉट कॉम' वर्गातील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. पुढे सुमारे दहा वर्षे नोंदणीस मूल्य पडत नसे. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांस १०० डॉलर अशी आकारणी सुरू झाली. आता तर सामान्य 'डॉट कॉम' नावाची वार्षिक नोंदणी थोड्या डॉलरांत होते. तथापि 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव १९९७ मध्ये दीड लाख डॉलरांस आणि दोनच वर्षांनी ७५ लाख डॉलरांस विकले गेले. नोंदणीचा खर्च आणि विक्रीची किंमत यांतील ही तफावत कशी उलगडावयाची?

तिचे मूळ नावाच्या एकमेवतेत आहे. एका वर्गात एक नाव एकदाच नोंदले जाते. रोमन लिपीच्या २६ अक्षरांपासून दोन अक्षरी नावे ६७६ आणि तीन अक्षरी १७,५७६ एवढीच होऊ शकतात. मागणी वाढली म्हणून त्यांचा पुरवठा वाढत नाही. एकच विक्रेता आणि बहुधा एकच निकडीचा ग्राहक, अशी ही उभयपक्षी मक्तेदारी आहे. स्पर्धेच्या अभावी कराराच्या अटी अनिश्चित राहतात, हे एजवर्थ याने १८८१ मध्येच दाखवून दिले होते. येथे त्याचा प्रत्यय येतो. धारकास दुसऱ्या ग्राहकाकडून जे मिळण्याचा संभव असेल ती किमतीची खालची मर्यादा. दुय्यम नावावर भागविल्यास ग्राहकाचे जे नुकसान होईल ती वरची मर्यादा. या दोहोंच्या दरम्यान किंमत कोठे ठरावी, हे बोलण्यांवर अवलंबून राहते.

या बोलण्यांत माहिती हेच मुख्य बळ होय. फेसबुक या कंपनीने २००५ मध्ये आपले नाव 'द' या उपपदावाचून मिळविण्यासाठी दोन लाख डॉलर दिले. २०१० मध्ये 'एफबी डॉट कॉम' या दोन अक्षरी नावासाठी तिने अमेरिकन फार्म ब्यूरो फेडरेशनला ८५ लाख डॉलर मोजले. दोन्ही नावे भिन्न असल्याने त्यांची सरळ तुलना करता येत नाही. परंतु मधल्या पाच वर्षांत ग्राहकाची ऐपत जगजाहीर झाली होती, हे विसरून चालणार नाही. मोठा ग्राहक मध्यस्थामार्फत, आपली ओळख न देता बोलणी करतो, त्याचे कारण हेच. उलट धारकाचे बळ त्याच्या सबुरीत असते, कारण एक नाव बाळगण्याचा वार्षिक खर्च अल्प असतो.

मात्र ही सबुरी फुकटची नसते. धारकास नावाचे निर्भेळ स्वामित्व मिळत नाही. मुदतीच्या करारान्वये केवळ वापराचा हक्क मिळतो, आणि शुल्क न भरल्यास तो संपुष्टात येतो. उदाहरणादाखल, वर्षास दहा डॉलरप्रमाणे एक हजार नावे बाळगणाऱ्याने त्यांपैकी दहाच विकली, तर केवळ शुल्क भरून निघण्यासाठी प्रत्येकी सरासरी एक हजार डॉलर यावे लागतील. एखाद्या गाजलेल्या विक्रीवरून या धंद्याच्या सर्वसाधारण नफ्याविषयी अनुमान काढणे म्हणूनच सदोष ठरते.

इथवरचे विवेचन कोणत्याही दुर्मीळ वस्तूस लागू पडेल. डोमेन-नावाचे वेगळेपण असे की, येथे भावाची बोलणी हक्काच्या मुळाशीच भिडू शकतात. १९९९ मध्ये आयकॅन या संस्थेने स्वीकारलेल्या तंटानिवारण धोरणानुसार तक्रारदारास तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव त्याच्या व्यापारचिन्हाशी एकरूप किंवा भ्रामक साम्य असलेले आहे, धारकाचा त्यावर न्याय्य हितसंबंध नाही, आणि नोंदणी व वापर दोन्ही दुर्हेतूने झाले आहेत. चिन्हधारकास किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्यास खर्चाहून अधिक किमतीस विकण्याच्या मुख्य उद्देशाने केलेली नोंदणी हा दुर्हेतूचा पुरावा मानला जातो. पॅनाव्हिजनच्या नावाची नोंदणी करणाऱ्याने त्या कंपनीकडे १३,००० डॉलर मागितले होते. १९९८ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने निर्णय त्याच्या विरुद्ध दिला. किंमत सांगणारे पत्रच त्याला बाधले.

भारतीय न्यायालयांनीही व्यापारचिन्हाच्या तत्त्वांचाच आधार घेतला आहे. 'रेडिफ'शी मिळत्याजुळत्या 'रॅडिफ' या नावाच्या वापरास मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मनाई केली; २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन-नावास, दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपविण्याविरुद्धचे संरक्षण लागू केले.

याचा अर्थ चढ्या किमतीची मागणी सर्वदा निषिद्ध आहे, असा नव्हे. भाषेतील सामान्य शब्द त्याच्या सामान्य अर्थासाठी नोंदून ठेवणे व तो इच्छुकास विकणे हा वैध व्यवहार होय. किंबहुना, बोलणी फसल्यावर तेच नाव तक्रारीच्या मार्गाने बळकावू पाहणाऱ्या ग्राहकासही निवाडा करणाऱ्या मंडळांनी दोष दिला आहे. 'शब्द सर्वांचा, लौकिक ज्याचा त्याचा' असे या भेदाचे थोडक्यात सूत्र सांगता येईल. नावाचे मोल कशातून आले, भाषेतून की दुसऱ्याच्या परिश्रमातून, हा प्रश्न गुंतवणूकदाराने नाव विकताना नव्हे, तर नोंदतानाच स्वतःस विचारणे आवश्यक आहे; कारण पुढील बोलण्यांत मागितलेली किंमत न्याय्य की दुर्हेतूची, हे त्याच्या उत्तरावरच ठरते.